मुलीचा कॉलेजचा फॉर्म कोण भरतं?

आखाजी होते, माहेरी आलेल्या लेकी परत जातात, गच्चीवर वाळलेले पापड-कुरडया डब्यांत भरून होतात, आणि तोवर बारावीचा निकाल लागलेला असतो. मग आपल्या खान्देशात घरोघरी एकच बोलणं. प्रवेश! कुणाच्या मुलीला किती टक्के पडले, कोण पुण्याला निघाली, कोण इथंच राहणार. जळगाव असो की धुळं, ऊन मी म्हणत असतं, नि त्या उन्हात पोरी फायली छातीशी धरून फिरत असतात.

मैत्रिणींनो, एक विचारू? वर्षाची तूरडाळ घ्यायची असली तर आपण किती दुकानं पालथी घालतो! हातावर घेऊन बघतो, दाताखाली धरून बघतो, गेल्या वर्षीच्या डाळीशी ताडून बघतो. डाळमिलचं गाव ना आपलं, डाळीतलं आपल्याला कुणी शिकवायला नको. पण लेकीच्या कॉलेजचा फॉर्म? "भाऊ घरी आला की जा त्याच्याबरोबर कॅफेत," एवढं सांगून आपण पोळ्या लाटायला लागतो. कॅफेत ही गर्दी. दुकानदार पडद्यावरची नजर न काढता विचारतो, "मेजर काय टाकू? मायनर काय टाकू?" पोरगी भावाकडं बघते, भाऊ दुकानदाराकडं बघतो, नि दुकानदार म्हणतो, "सगळ्या मुली हेच टाकतात." झालं! पंधरा मिनिटांत तीन वर्षं ठरली.

मी कॉलेजात तासांवर शिकवते. दरवर्षी जुलैत, वर्ग सुरू झाल्यावर, दोन-चार मुली तरी टेबलापाशी येऊन उभ्या राहतात. "मॅडम, हा विषय मी घेतलाच नव्हता." कागद बघावा तर सही तिचीच! म्हणून म्हटलं, या फॉर्ममध्ये असतं तरी काय, हे एकदा आपण आयांनी नीट बघून घेऊ. इंग्रजी येत नाही म्हणून घाबरू नका. विचारायला काही इंग्रजी लागत नाही.

पूर्वी सोपं होतं, पण लांब होतं

आपल्या आई-मावशांच्या वेळी निवड कसली? आर्ट्स, कॉमर्स, नाहीतर सायन्स. जळगावचं मूळजी जेठा कॉलेज आणि अमळनेरचं प्रताप कॉलेज ही दोन्ही १९४५ सालची. विद्यापीठ मात्र पुण्याचं. गुणपत्रकात नाव चुकलं, निकाल राखून ठेवला, की चारेकशे किलोमीटरची खेप. बाप्यांना रजा मिळायची नाही, आणि मुलीला एकटीनं पुण्याला कोण पाठवणार? राहून जायचं ते काम.

१५ ऑगस्ट १९९० ला उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ झालं आणि विद्यापीठ गिरणाकाठी आलं. जळगाव, धुळे आणि १९९८ साली वेगळा झालेला नंदुरबार, असे तीन जिल्हे त्याच्याकडे. २०१८ साली त्याला कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचं नाव दिलं. आसोद्याच्या या माउलीला लिहिता-वाचता येत नव्हतं. तिची गाणी इतरांनी उतरून घेतली म्हणून राहिली, आणि १९५२ साली, तिच्या पश्चात, मुलानं, सोपानदेवांनी, ती पुस्तकरूपानं लोकांसमोर आणली. आज हजारो मुलींच्या पदवीवर तिचं नाव छापलेलं असतं. मला हे फार आवडतं, म्हणून सांगितलं हं, फॉर्मशी त्याचा संबंध नाही!

तर सांगायचं असं, की विद्यापीठ जवळ आलं, पण निवड अवघड झाली. नवं शैक्षणिक धोरण २०२० सालचं. आपल्याकडे स्वायत्त कॉलेजांत ते २०२३-२४ पासून आणि विद्यापीठाला जोडलेल्या बाकीच्या कॉलेजांत २०२४-२५ पासून लागू झालं. आमच्या वेळी बी.ए.ला पहिल्या वर्षी जनरल विषय घ्यायचे, पुढं जाऊन एक स्पेशल. एवढंच कळलं तरी भागायचं. आता तसं नाही.

ताटातले पदार्थ

नव्या मांडणीत सगळा हिशेब क्रेडिटचा, म्हणजे श्रेयांकांचा. पंधरा तास वर्गात शिकवणं म्हणजे एक क्रेडिट. प्रॅक्टिकल असेल तर एका क्रेडिटला तीस तास. एका सत्राचे २२ क्रेडिट, वर्षाचे ४४, तीन वर्षांचे १३२. चौथं वर्ष केलं तर १७६ आणि ऑनर्सची पदवी.

हे २२ क्रेडिट एकाच विषयाचे नसतात. मेजर म्हणजे मुख्य विषय. मायनर म्हणजे जोडीचा. मग एक खुला ऐच्छिक, तो मुद्दाम दुसऱ्या विद्याशाखेतला घ्यायचा असतो. म्हणजे इतिहासवालीनं कॉमर्सकडचं किंवा सायन्सकडचं काही शिकायचं. शिवाय कौशल्याचे विषय, भाषा, पर्यावरण किंवा संविधान यांसारखे मूल्यशिक्षणाचे विषय, भारतीय ज्ञान प्रणाली आणि सहअभ्यासक्रम. एन.एस.एस., एन.सी.सी., योग, खेळ यांनाही आता क्रेडिट आहेत. पूर्वी एन.एस.एस.च्या शिबिराला पाठवायला आपण कुरकुर करत असू, आता तो गुणपत्रकातला भाग झाला. पुढच्या वर्षांत क्षेत्रीय प्रकल्प येतो, आणि प्रत्यक्ष कुठंतरी जाऊन काम शिकणं येतं. पतपेढीत, दुकानात, कारखान्यात, संस्थेत. त्या वेळी "मुलगी परक्यांच्या ऑफिसात कशाला?" असं म्हणायला लागू नका, ते अभ्यासक्रमातच आहे.

वाचताना वाटतं, वा! पंचपक्वान्नांचं ताट आहे की! आता खरं सांगते. कागदावर पक्वान्नं असली तरी कॉलेजात जेवढे शिक्षक, तेवढंच ताटात येतं. तालुक्याच्या लहान कॉलेजात खुल्या ऐच्छिक विषयाला पर्याय म्हणून एकच नाव असतं, मग तो कसला ऐच्छिक? म्हणून धोरणाची पुस्तिका वाचून खूश होऊ नका. "तुमच्या कॉलेजात या वर्षी प्रत्यक्षात कोणते विषय शिकवायला घेतलेत?" हे विचारा. गेल्या वर्षी कोणते होते तेही विचारा, आणि शेजारच्या कॉलेजात काय आहे तेही. डाळीसारखंच!

आणखी एक गोष्ट शिक्षक असून सांगते, सहकारी रागावले तर रागावोत. विषयाला मुलं किती, यावर शिक्षकाच्या तासांचं गणित असतं. मुलं घटली की तास घटतात. त्यामुळे प्रवेशाच्या टेबलावर बसलेला माणूस कधी कधी मुलीला काय हवं ते न विचारता आपल्या विषयाकडे ओढतो. सगळे असे नसतात. पुष्कळ जण अर्धा-अर्धा तास मुलीशी बोलून मग सल्ला देतात. पण सल्ला एकाच्याच तोंडून ऐकून सही करू नये, आणखी एका विषयाच्या शिक्षकांना भेटावं. नाही तर त्याच विषयाची तिसऱ्या वर्षाची मुलगी गाठावी. ती जे सांगेल ते कुठल्याही माहितीपुस्तकात छापलेलं नसतं.

विषय कशावरून घ्यायचा?

आपल्याकडे विषय कसा ठरतो ते तुम्हाला ठाऊकच आहे. मैत्रिणीनं घेतला म्हणून. त्या विषयाचे तास दुपारी बाराच्या आत संपतात नि एस.टी. मिळते म्हणून. "सोपा आहे, गाइड वाचून पास होतो" म्हणून. एस.टी.चं कारण मी हसण्यावारी नेणार नाही. गावाहून येणाऱ्या मुलीची शेवटची गाडी चुकली तर दुसऱ्या दिवसापासून कॉलेजच बंद होतं, हे आपण बघतो. पण गाडीचं बघायचं ते विषय ठरल्यावर. आधी मुलीला विचारा, पदवीनंतर काय?

तिनं "बघू" म्हटलं तर त्यात रागावण्यासारखं काही नाही, सतराव्या-अठराव्या वर्षी कुणाला ठाऊक असतं? पण दोन-तीन वाटा तरी डोळ्यांसमोर मांडा. बी.एड. करून हायस्कूलात शिकवायचं मनात असेल, तर पदवीला असा विषय हवा जो शाळेच्या वेळापत्रकात आहे. मराठी, हिंदी, इंग्रजी, इतिहास, भूगोल, गणित, विज्ञान. मानसशास्त्र किंवा तत्त्वज्ञान गोड विषय आहेत, पण हायस्कूलच्या वेळापत्रकात ते शोधून सापडायचे नाहीत. मग ते मायनरला घ्या ना! स्पर्धा परीक्षा द्यायच्या असतील तर राज्यशास्त्र, भूगोल, अर्थशास्त्र उपयोगी पडतात. आणि मुलीला खरोखर एखादा विषय मनापासून आवडत असेल, ती न सांगता त्याची पुस्तकं वाचत असेल, तर बाकी सगळे हिशेब बाजूला ठेवून तोच मुख्य घेऊ द्या.

फॉर्म भरून झाल्यावर विषय बदलता येतो का? येतो, पण सुरुवातीच्या ठरावीक दिवसांतच. प्राचार्यांच्या नावे अर्ज द्यावा लागतो. ती तारीख प्रवेशाच्या दिवशीच विचारून कॅलेंडरवर, दुधाच्या हिशेबाशेजारी लिहून ठेवा.

ज्यांची मुलं आत्ता दहावी झालीत त्यांच्यासाठी दोनच ओळी. अकरावीचा प्रवेश २०२५-२६ पासून सगळ्या महाराष्ट्रात ऑनलाइन झाला. पूर्वी तो काही मोठ्या शहरांपुरता होता. दहापर्यंत कॉलेजं पसंतीक्रमानं टाकता येतात. पण पहिल्या क्रमांकाचं कॉलेज मिळालं की तिथं प्रवेश घ्यावाच लागतो, तो सोडला तर पुढच्या नियमित फेऱ्यांना मुकायचं. तेव्हा नावाला म्हणून कुठलंही कॉलेज पहिलं टाकू नका. आणि सायन्सला गणित सोडण्याआधी शंभरदा विचार करा, गणित सोडलं की इंजिनीअरिंगची वाट तिथंच बंद होते.

"बी.सी.ए.ला जाईन" म्हणणाऱ्या मुली

धुळ्यात माझ्या नात्यातल्या एक वहिनी निकालानंतर निवांत होत्या. मुलीला बी.सी.ए.ला घालायचं ठरलं होतं, टक्के छान होते, कॉलेज घराजवळ होतं. गेल्या तर कळलं, सी.ई.टी. दिली नाही तर या जागेवर प्रवेश नाही! "पण ती तर इंजिनीअरिंगला असते ना?" वहिनींना खरंच वाटेना. महाराष्ट्रात बी.बी.ए., बी.सी.ए., बी.एम.एस. यांना २०२४-२५ पासून प्रवेश परीक्षा लागू झाली. पहिल्या वर्षी कित्येकांना पत्ताच नव्हता, शेवटी ऑगस्टमध्ये ती परीक्षा पुन्हा एकदा घ्यावी लागली. या परीक्षांचे फॉर्म बारावीच्या निकालाच्या कितीतरी आधी भरून होतात. तेव्हा बारावीचं वर्ष सुरू असतानाच, दिवाळीच्या फराळाबरोबर म्हणा हवं तर, हा विषय घरात निघाला पाहिजे.

आणि एक चांगली बातमी, जी मुलींच्या आयांना मी दिसेल तिथं सांगते. ८ जुलै २०२४ च्या शासननिर्णयानं व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या मुलींची शिक्षण फी आणि परीक्षा फी शंभर टक्के माफ झाली. घरचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत हवं, आर्थिकदृष्ट्या मागास, एस.ई.बी.सी. किंवा ओ.बी.सी. यांपैकी गटात मुलगी बसायला हवी, आणि प्रवेश सरकारच्या केंद्रीय फेरीतून व्हायला हवा. शेवटची अट महत्त्वाची आहे. मॅनेजमेंटच्या जागेवर किंवा कॉलेजच्या पातळीवर प्रवेश घेतला की माफी नाही. वसतिगृह, जेवण, इतर फी यांचं यात काही येत नाही, ते खर्च आपले. पण "मुलाला इंजिनीअरिंगला घालतो, दोघांची फी झेपणार नाही, तिला साधं बी.ए. करू दे" असं ज्या घरात चाललं असेल, तिथं हा निर्णय टेबलावर ठेवून बोला. तिला बी.ए.च करायचं असेल तर करू दे. पण भावाच्या फीसाठी नको.

यासाठी उत्पन्नाचा दाखला, लागू असेल तिथं नॉन-क्रिमीलेअर, जातीचा दाखला हे सगळं आधी तयार लागतं. जात पडताळणीला वेळ लागतो, तो अर्ज बारावीच्या सुरुवातीलाच करून मोकळ्या व्हा. जूनमध्ये सेतू कार्यालयाची रांग बघितली आहे ना? मूळ गुणपत्रकं तपासून लगेच परत घ्या. कॉलेजानं ती अडकवून ठेवायची नाहीत, असं विद्यापीठ अनुदान आयोगानं २०१८ सालीच बजावलं आहे.

मोबाइल कुणाचा?

हे ऐकायला किरकोळ वाटेल. पण माझ्या पाहण्यातल्या निम्म्या भानगडी इथंच सुरू होतात. फॉर्मवर मोबाइल नंबर मागतात. मुलीकडे फोन नसतो, किंवा असला तरी "तिचा नंबर कुठं द्यायचा नाही" असा घरचा नियम असतो. मग नंबर जातो कॅफेवाल्याचा. ई-मेल त्याचाच, पासवर्डही त्यालाच ठाऊक. पुढे ओ.टी.पी. येतात त्याच्याकडे, शिष्यवृत्तीतली त्रुटी कळते त्याला, परीक्षेचा संदेश त्याला. तो बिचारा तरी दोनशे मुलांचं कुठं लक्षात ठेवणार? शिष्यवृत्ती परत जाते आणि मुलीला कळतं पुढच्या वर्षी.

मुलीचा नंबर द्यायचा नसेल तर आपला द्या, आईचा! कुठल्याही बाहेरच्याचा नको. पासवर्ड वहीत लिहून ठेवा, ज्या वहीत गॅसचा नंबर नि बँकेचं खातं लिहिता, त्याच वहीत.

आता नाव. क्रेडिट साठवायला मुलीच्या नावानं एक खातं निघतं, त्याला क्रेडिटची बँकच म्हणतात. ए.बी.सी. असं नाव तुम्ही ऐकलं असेल. त्याला 'अपार' नावाचा बारा आकडी क्रमांक लागतो. दहावीच्या गुणपत्रकावरचं नाव, आधार कार्डावरचं नाव आणि कॉलेजच्या फॉर्मवरचं नाव ही तिन्ही अक्षर न् अक्षर जुळली पाहिजेत. आधारवर आडनाव आधी, गुणपत्रकावर शेवटी, वडिलांच्या नावात एक ए जास्त… एवढ्यानं खातं अडतं. बोर्डाच्या गुणपत्रकावर आईचं नावही असतं, तेही तपासा. आपलं नाव चुकलेलं पाहून "जाऊ द्या, माझंच आहे" म्हणून सोडून देणाऱ्या बायका मी पाहिल्यात. सोडू नका.

मध्येच लग्न ठरलं तर

आता ज्यासाठी मी हे सगळं लिहायला बसले तिथं येते.

नव्या मांडणीत मधूनच बाहेर पडायची सोय आहे. एक वर्ष करून सोडलं तर प्रमाणपत्र, दोन वर्षांनी पदविका, तीन वर्षांनी पदवी. सोय चांगलीच आहे. घरात आजारपण आलं, पैशाची अडचण आली, तर केलेलं फुकट जात नाही. पण गेल्या वर्षी एका ओळखीच्या घरी स्थळ आलं होतं. मुलगी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला. मुलाकडचे म्हणाले, "आता काय, कधीही सोडता येतं नि कधीही धरता येतं. डिप्लोमा तर मिळतोच." सगळ्यांना हायसं वाटलं. पोरगी तेवढी गप्प बसली होती.

बोलण्याआधी नियम नीट ऐका. पहिल्या वर्षाचे ४४ क्रेडिट झाले म्हणजे प्रमाणपत्र आपोआप मिळतं असं नाही. बाहेर पडताना ४ जादा क्रेडिटचं कौशल्याचं किंवा कामाच्या अनुभवाचं शिक्षण पूर्ण करावं लागतं. दुसऱ्या वर्षानंतरही तसंच, ८८ आणि वर ४. लग्नाच्या खरेदीत हे चार कुठं बसवणार? आणि परत येण्याला मुदत आहे. सोडल्यापासून तीन वर्षांत परत यायचं, आणि सगळी पदवी जास्तीत जास्त सात वर्षांत पुरी करायची. आपल्याकडे लग्नानंतरची पहिली तीन वर्षं कशी जातात ते मी तुम्हाला काय सांगू! सणवार, मग डोहाळजेवण, मग बाळ. बाळ चालायला लागेपर्यंत मुदत टळलेली.

तेव्हा बोलणी करायचीच असतील तर "लग्नानंतर शिकवू" या तोंडच्या शब्दावर थांबू नका. तिसरं वर्ष कुठं करणार, कोणत्या कॉलेजात, फी कोण भरणार, परीक्षेच्या महिन्यात ती माहेरी येईल का, हे साखरपुड्याआधी विचारा. देण्याघेण्याची यादी होते ना? तिच्यातच लिहा. आणि जमत असेल तर सरळ सांगा, तिसऱ्या वर्षाची परीक्षा होऊ द्या, मग तिथी काढू. चांगल्या घरची माणसं एवढं थांबतात.

समजा, मुलगी जळगावची, सासर धुळ्याचं. नव्वदेक किलोमीटरचं अंतर, रोजचं जाणं-येणं शक्य नाही. विद्यापीठ दोन्हीकडे एकच, म्हणून आपण निश्चिंत असतो. पण कॉलेज बदलताना जुन्या कॉलेजचा दाखला नि ना-हरकत लागते, आणि मुख्य म्हणजे तिचा मेजर आणि मायनर दोन्ही विषय नव्या कॉलेजात असावे लागतात, नि जागाही रिकामी असावी लागते. जुनं कॉलेज स्वायत्त असेल तर त्याचा अभ्यासक्रम वेगळा, मग कोणता पेपर कशाच्या बरोबरीचा धरायचा हेही ठरवून घ्यावं लागतं. ही विचारपूस लग्न ठरण्याच्या काळातच करा. जूनमध्ये नव्या नवरीनं सासऱ्यांना घेऊन तीन कॉलेजं हिंडायची वेळ येऊ नये.

आणि ज्या सासवा हे वाचत असतील त्यांना एक विनंती. सुनेच्या आधारवर आपलं आडनाव चढवायची घाई करू नका. तिची सगळी परीक्षा माहेरच्या नावावर चालू आहे. आधारवर एक नाव, विद्यापीठात दुसरं, क्रेडिटच्या खात्यावर तिसरंच, असा घोळ झाला की निकाल अडकतो नि त्याच्या दुरुस्तीला प्रतिज्ञापत्रापासून सुरुवात. पदवी हातात येऊ द्या. नाव काय, नंतरही बदलता येईल. तिला तोवर घरात कुठल्या नावानं हाक मारायची ते मारा!

कॉलेजात तुम्ही स्वतः जा

आता कॉलेजांत मेंटर म्हणून एक पद्धत असते. वीस-पंचवीस मुलांमागे एक शिक्षक नेमलेला असतो, मुलांच्या अभ्यासाची, अडचणींची विचारपूस करायला. पुष्कळ ठिकाणी ती रजिस्टरापुरती राहते, कारण विचारायला कुणी येतच नाही. "माझ्या मुलीचे मेंटर कोण?" असं एका आईनं ऑफिसात विचारलं तर काय गडबड उडते ते मी पाहिलं आहे. आमच्याच स्टाफरूममध्ये कागद शोधायला पळापळ झाली होती, आणि त्या दिवसापासून त्या बाईंच्या मुलीला निदान तिच्या मेंटर मॅडमचं नाव तरी ठाऊक आहे. मॅडमनाही तिचं.

त्या बाई सातवी शिकलेल्या. पदर डोक्यावर, हातात पिशवी. दाराशीच म्हणाल्या, "मॅडम, मले काही समजत नाही. पण पोरीनं काय घेतलं अन् काऊन घेतलं, हे मले समजून सांगा." त्यांना समजावून सांगताना मुलीलाही पहिल्यांदा कळलं, की आपला खुला ऐच्छिक विषय दोन क्रेडिटचा आहे नि मुख्य विषयाला दुर्लक्ष करून त्याच्यामागे लागण्यात अर्थ नाही. एखादा पेपर राहिला तर पुढच्या वर्षी जाता येतं का, ए.टी.के.टी.चा नियम काय, चौथं वर्ष या कॉलेजात निघणार आहे का, हेही त्यांनी एकेक करून विचारलं. चौथ्या वर्षाचं तुम्हीही विचारा. ऑनर्स केलं तर पुढं एम.ए. एका वर्षात होतं, पण प्रत्येक कॉलेजात चौथं वर्ष असेलच असं नाही. आणि संशोधनासह ऑनर्स करायचं तर तीन वर्षांत ७५ टक्के लागतात.

मुलाच्या बाबतीतही हे सगळं करावं, मी नाही म्हणत नाही. पण मुलगा चुकला तर त्याला दुसरी संधी घरातून मिळते. एक वर्ष वाया गेलं तरी "शिकेल हळूहळू" म्हणतात. मुलीचं एक वर्ष वाया गेलं की स्थळं बघायला सुरुवात होते.

जाता जाता, स्वतःचं शिक्षण अर्धवट राहिलेल्या मैत्रिणींसाठी. "माझंही एफ.वाय. झालं होतं, ते क्रेडिट मिळतील का?" असं मला खूपदा विचारतात. क्रेडिटच्या बँकेत २०२१-२२ पासूनचंच शिक्षण जमा होतं, त्यामुळे आपली जुनी वर्षं तिथं चालत नाहीत. पण नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ पासून घरबसल्या शिकणाऱ्यांसाठीच आहे, नि त्याची अभ्यासकेंद्रं आपल्या जिल्ह्यांतही आहेत. बारावीचं गुणपत्रक कपाटातल्या कुठल्या साडीखाली आहे ते आधी शोधा. मुलीच्या कॉलेजात चौकशीला जाल, त्याच दिवशी तिथल्या ऑफिसात जवळचं अभ्यासकेंद्र कोणतं तेही विचारून घ्या. रिक्षाचं एक भाडं वाचेल.